सासऱ्यांचं नाटक, सासूबाईंचा गुडघा आणि मंडईतली गर्दी

पत्र : आम्ही पिंपरीत संत तुकारामनगरला राहतो. सासू-सासरे सहा महिन्यांपूर्वी अंबाजोगाईहून कायमचे आमच्याकडे आले. सासऱ्यांना नाटक आणि गाण्याचं वेड. सासूबाईंच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. हळू चालतात, पण खाली बसता येत नाही. मुलगी नऊ वर्षांची, एका जागी बसत नाही. गेल्या गणपतीत गौरी गेल्यावरच्या शनिवारी संध्याकाळी आम्ही पाचही जण देखावे बघायला मंडईला गेलो आणि दोन तास गर्दीत अडकलो. तेव्हापासून सासूबाई बाहेर पडायचं नाव काढत नाहीत आणि आमचे रविवार मॉलमध्ये जातात. पाचही जणांना आवडेल, झेपेल आणि फार खर्चही होणार नाही असं पुण्यात वर्षभरात काय काय आहे?
— एक सून, पिंपरी

उत्तर : ताई, पत्रातले ‘पाचही जण’ हे दोन शब्द आधी बाजूला ठेवा. पाचही जणांना एकाच वेळी, एकाच ठिकाणी, सारखीच मजा यावी, ही अट घातलीत की उरतो तो मॉलच. तिथे लिफ्ट असते, स्वच्छतागृह असतं, खायला मिळतं आणि कोणालाच काही फारसं आवडत नाही. त्याऐवजी महिन्याला दोन बेत ठरवा, एक सगळ्यांचा आणि एक दोघा-तिघांचा. कोणत्या बेताला कोण, हे खाली लिहितो आहोतच.

सुरुवात त्या शनिवारपासून करू, कारण सासूबाईंची धास्ती तिथली आहे. दिवस, वेळ आणि जागा या तिन्ही गोष्टी तुम्ही एकदम चुकीच्या निवडल्या होत्या. गौरी गेल्या की घरोघरच्या बायका मोकळ्या होतात आणि बाहेरगावचे पाहुणे उतरतात. शनिवार म्हणजे सगळ्यांनाच सुट्टी. विजेचे देखावे अंधार पडल्यावर सुरू होतात, त्यामुळे सात वाजले की सारं शहर एकाच वेळी पेठांत शिरतं. दगडूशेठ, तुळशीबाग आणि अखिल मंडईचा शारदा-गजानन ही तीन मोठी ठिकाणं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. त्यातच आता मंडईचं मेट्रो स्थानक त्याच बोळांच्या तोंडाशी माणसं आणून सोडतं. अशा ठिकाणी गर्दीला पुढे सरकायला जागा नसते आणि मागून येणारी थांबत नाहीत. दोन तासांत सुटलात हे बरंच म्हणायचं.

पुढच्या वर्षी सासूबाईंना उत्सवाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सुट्टी नसलेला वार बघून, सकाळी सातला न्या. त्या वेळी रस्ते मोकळे असतात, रिक्षा पेठेत आतपर्यंत जाते आणि मूर्तीसमोर चार मिनिटं उभं राहता येतं. कसबा पेठ स्थानकावर उतरा आणि आधी ग्रामदैवत कसबा गणपती करा. मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि शेवटी नारायण पेठेत केसरीवाडा. मानाचे पाच याच क्रमाने येतात. सगळं चालत केलं तर दोनेक किलोमीटर भरतं. सासूबाईंसाठी पहिले दोन पायी आणि पुढचे रिक्षाने, किंवा दोन करून सरळ घरी. गुरुजी तालमीपाशी सासऱ्यांना थोडं थांबू द्या. हा गणपती १८८७ पासूनचा, म्हणजे टिळकांनी सार्वजनिक उत्सवाला रूप देण्याच्याही आधीचा, आणि हिंदू-मुसलमानांनी मिळून बसवलेला असं सांगतात. ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठसमोर हजारो बायका अथर्वशीर्ष म्हणतात. ऐकायला फार सुंदर, पण रस्त्यावर मांडी घालून बसायचं असतं, म्हणून सासूबाईंना तिथे नेऊ नका. तुम्ही जा.

सकाळी देखाव्याचे दिवे बंद असतात, त्यामुळे लेक हिरमुसेल. तिला तिच्या बाबांबरोबर वेगळं पाठवा, पहिल्या चार दिवसांतच, आणि तेही नारायण-सदाशिव पेठेतले जिवंत देखावे बघायला. छोटी नाटुकलीच असतात ती, एकामागून एक प्रयोग चालू. एक संपला की पुढची माणसं उठतात, तेव्हा लगेच पुढे सरकायचं. विसर्जनाच्या मिरवणुकीला मात्र म्हातारी माणसं आणि लहान मूल यांना लक्ष्मी रोडवर उभं करू नका. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना उंच इमारती, त्यामुळे ढोल-ताशाचा आवाज वर जात नाही, भिंतींवर आपटून परत येतो. कानात कापूस घालून काही होत नाही. औषधांच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात, ते चिमटीत दाबून बारीक करायचे, कानात घालायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. लक्ष्मी रोडवर कोणाची गॅलरी ओळखीची असेल तर सकाळी रस्ते बंद व्हायच्या आत तिथे जाऊन बसा, मानाचे पाच बघा. नसेल तर दूरदर्शनवर उत्तम दिसते.

आता नाटक. यासाठी तुम्हाला पुण्यात यायचीही गरज नाही, हे कोणी सांगितलं नाही का? आचार्य अत्रे रंगमंदिर तुमच्या संत तुकारामनगरातच आहे, आणि चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह रिक्षाच्या अंतरावर. मुंबईहून येणारी व्यावसायिक नाटकं मोरे प्रेक्षागृहात नियमित लागतात. तरी सासऱ्यांना एकदा बालगंधर्वला न्याच. १९६२ साली त्या वास्तूची कोनशिला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली आणि २६ जून १९६८ ला रंगमंदिर सुरू झालं. अंबाजोगाईत बसून ज्यांनी आयुष्यभर नाट्यपदं ऐकली, त्यांना त्या पायऱ्या चढण्याचंही अप्रूप वाटेल. मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलून वनाजकडे जाणारी घ्यायची आणि छत्रपती संभाजी उद्यानला उतरायचं. बदलताना जमिनीखालून थेट उंचावरच्या फलाटावर जायचं असतं. सरकत्या जिन्याच्या नादी न लागता लिफ्ट शोधा आणि त्यासाठी दहा मिनिटं जास्त धरा.

नाटकांच्या वेळा साधारण ठरलेल्या असतात : दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच-साडेपाच आणि रात्री साडेनऊ. तुमच्यासाठी संध्याकाळचाच प्रयोग. साडेबाराला जेवणाचा घोळ होतो. अकराला भूक नसते, तीनला जीव जातो आणि मधुमेह असेल तर तेवढा वेळ उपाशी बसणं धोक्याचं. रात्रीचा प्रयोग सुटतो तोवर मेट्रो बंद झालेली असते आणि पिंपरीची रिक्षा म्हणजे तिकिटाइतकाच खर्च. जाहिराती वर्तमानपत्रात येतात, तिकीटविक्री प्रयोगाच्या तीन-चार दिवस आधी उघडते. मोबाइलवरून काढता येतात, पण सासऱ्यांना वेळ आहे तर त्यांना खिडकीवर पाठवा. खिडकी सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास, मध्ये बंद. समोर मांडलेल्या आराखड्यावर बोट ठेवून खुर्ची निवडण्यात त्यांचाही वेळ मजेत जाईल. तिकिटं बहुतेक तीनशे ते पाचशेच्या दरम्यान असतात.

कोणती खुर्ची, हे महत्त्वाचं. पहिल्या दोन-तीन रांगा महाग असतात आणि तिथे मान वर करून बसावं लागतं. सहावी ते दहावी रांग उत्तम, चेहऱ्यावरचे भाव दिसतात आणि पूर्ण रंगमंचही दिसतो. सासूबाईंना कडेची खुर्ची घ्या, आणि तीही अशी की शस्त्रक्रिया झालेला पाय मधल्या वाटेकडे येईल. म्हणजे त्यांना तो सरळ पसरता येतो आणि मध्येच उठायचं झालं तर कोणाला ओलांडून जावं लागत नाही. उजवा गुडघा की डावा, ते आधी लक्षात घेऊन मगच खुर्चीवर बोट ठेवा. गुडघ्यावर बाल्कनीचे जिने नकोतच. नाटक अडीच तासांचं, मध्ये दहा-पंधरा मिनिटांचं मध्यंतर. त्या वेळात बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग आणि बटाटेवड्याची रांग, दोन्ही होत नाहीत. म्हणून सासूबाईंना पहिली घंटा व्हायच्या आत जाऊन येऊ द्या आणि मध्यंतरात वड्याच्या रांगेत मुलाला, म्हणजे तुमच्या नवऱ्याला, उभं करा. मध्यंतराचा पडदा पडायच्या आधी उठून पळणारे असतात, त्यांच्यातले होऊ नका. आणि निघण्याआधी प्रयोग आहे ना याची फोन करून खात्री करा. कलाकार आजारी पडला किंवा नाट्यगृहात दुरुस्ती निघाली की प्रयोग रद्द होतो, आणि ती बातमी तुमच्यापर्यंत आपोआप येईलच असं नाही.

लेकीला मोठ्यांच्या नाटकाला नेऊ नका. तिच्यासाठी मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत बालनाट्यं लागतात. ती आजीबरोबर बघावीत, दोघींना सारखंच हसू येतं.

सासऱ्यांसाठी आणखी एक, स्वस्तातलं. ऑगस्ट-सप्टेंबरात सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी असते. महाविद्यालयीन एकांकिकांची ही स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. अंतिम फेरीची तिकिटं मिळणं कठीण, प्राथमिक फेरीची मिळतात आणि खरी गंमतही तिथेच असते. एका संध्याकाळी तीनेक एकांकिका, काही कच्च्या, एखादी अंगावर काटा आणणारी. पडदा उघडण्याआधी पोरं ‘अरे, आवाज कुणाचा’ म्हणून छप्पर डोक्यावर घेतात, तेवढं सासऱ्यांना आधी सांगून ठेवा.

गाण्यासाठी डिसेंबरातला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केला. पूर्वी रमणबागेत व्हायचा, अलीकडे मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. स्वारगेटपर्यंत मेट्रो, तिथून रिक्षा. पाच दिवसांचा हंगामी पास बघून घाबरू नका, एकेका दिवसाचं तिकीटही मिळतं आणि भारतीय बैठकीचं खुर्चीपेक्षा बरंच स्वस्त असतं. कलाकारांची यादी जाहीर झाली की ती सासऱ्यांच्या हातात द्या आणि दोन दिवस त्यांना निवडू द्या. ते आणि तुमचे यजमान, दोघांनीच जावं. सासऱ्यांचं वय बघता त्यांनाही खुर्चीच बरी. सतरंजीवर सहा तास बसून पाठ धरते ती तिसऱ्या गवयाच्या वेळी, म्हणजे नेमकी रंगत चढते तेव्हा. बैठकीतच बसायचं असेल तर दुमडून नेता येईल अशी पातळ गादी आणि पाठीला टेकू हवा. संध्याकाळी सहापर्यंत मांडवात उकडतं आणि आठनंतर जमिनीतून गारठा चढतो. शाल, कानटोपी आणि पायमोजे पिशवीत हवेतच. पाण्याची बाटली आणि थोडा कोरडा खाऊही. स्टॉल असतात, पण दोन गायनांच्या मध्ये सगळे तिथेच धावतात. उठायचं झालं तर राग संपल्यावर, टाळ्या चालू असताना. विलंबित ख्याल चालू असताना कुणी समोरून वाकून गेलं की मागच्या दहा जणांची समाधी मोडते.

एक हळहळ इथे नोंदवून ठेवतो. पूर्वी हा महोत्सव रात्रभर चालायचा. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला बंदी आली, तेव्हापासून एखाद्या दिवशी मिळणारी बारापर्यंतची सवलत सोडली तर दहाच्या ठोक्याला आवरतं घ्यावं लागतं. त्यामुळे उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळी ऐकायला मिळणं जवळपास संपलंच. सासरे जुने श्रोते असतील तर त्यांना हे लगेच जाणवेल. त्यावर उतारा म्हणून महोत्सवाच्या दिवसांत सकाळी शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात ‘षड्ज’ आणि ‘अंतरंग’ हे कार्यक्रम असतात, गायक-वादकांवरचे माहितीपट आणि मुलाखती. प्रवेश विनामूल्य, बसायला खुर्च्या. तिकीट न काढता महोत्सवाची चव घ्यायची असेल तर यासारखं दुसरं नाही, आणि सासूबाईही येऊ शकतील. डिसेंबरातच, २०२३ पासून, फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो. तो मात्र लेकीचा दिवस. सकाळी दार उघडताच जा, दुपारनंतर पुस्तकापर्यंत हात पोचत नाही.

उन्हाळ्यात बाहेर कुठे न्यायचं हा प्रश्न सासऱ्यांपुरता तरी सुटलेला आहे. २१ एप्रिल ते २० मे, महिनाभर रोज संध्याकाळी टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. विषय बघून आठवड्यातून एकदा जायचं.

आता सासूबाईंचा बेत. मराठवाड्यातल्या माणसाला पालखीचं काही सांगायला नको, पण एक गोष्ट त्यांना ठाऊक नसेल : तुकोबांची पालखी तुमच्या अंगणातून जाते. देहूहून निघाली की पहिला मुक्काम तिथेच इनामदारवाड्यात, दुसरा आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने पिंपरी, कासारवाडी, दापोडी करत पुण्याला येते. लोक दर्शनासाठी पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी तासन्‌तास रांग लावतात. तुम्ही मात्र सकाळी घरून चालत निघून महामार्गाच्या कडेला बसू शकता. घडीची खुर्ची न्या, झाडाची सावली बघून जागा धरा आणि सेवा रस्त्यावरच थांबा, दिंड्यांच्या वाटेत नको. पालखीचा रथ यायच्या आधी तास-दीड तास दिंड्या जातात, आणि सासूबाईंना बघायच्या असतील त्या त्याच : डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका, टाळांचा एकच ठेका, त्यात एखादी अंबाजोगाईकडची ओळखीची बोली. रथाला हात लावायला पुढे जाऊ देऊ नका, चेंगराचेंगरी तिथेच होते. वारकऱ्यांना काही द्यायचं असेल तर वडे-भजी नको. दिवसभर चालणाऱ्याला तळकट बाधतं आणि रस्त्यावर कागदांचा खच पडतो. केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की द्या. माठातलं पाणी आणि स्टीलचे पेले ठेवा. लेकीला पेले विसळून भरायचं काम द्या, तीन तास एका जागी टिकेल.

सगळ्यांनी मिळून एकत्र जायची जागा विचाराल तर राजा दिनकर केळकर संग्रहालय, शुक्रवार पेठेत. मंडई स्थानकावर उतरायचं, रविवारी सकाळी दहाला दार उघडतं तेव्हाच आत शिरायचं. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि संग्रहालयाला लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं. वीस हजारांवर वस्तू आहेत. राजवाड्यांतल्या नव्हेत, बहुतेक घरातल्याच : दिवे, कुलपं, अडकित्ते, पानपुडे, टाचा घासायच्या वज्र्या. सासूबाईंनी यातलं निम्मं माहेरी वापरलेलं असणार. इथे नेहमीची चूक म्हणजे सगळं बघायचा हट्ट. मजल्यामागून मजले, जिने आहेत. एका दालनानंतर पाय दुखतात आणि दुसऱ्यानंतर सगळे दिवे सारखेच दिसायला लागतात. म्हणून दोनच दालनं ठरवा. लेकीला वही-पेन्सिल द्या आणि सांगा, प्राण्या-पक्ष्यांच्या आकाराच्या पाच वस्तू शोधायच्या, चित्र काढायचं आणि प्रत्येक वस्तू कशासाठी ते आजीला विचारायचं. मोर झालेला अडकित्ता नेमका कुठे दाबतात, हे आजीने हाताने करून दाखवलं की काचेवरच्या पाटीची गरज राहत नाही. सव्वा तासात बाहेर पडा.

तिथून रिक्षाने सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती. अठराव्या शतकातलं छोटं काळ्या दगडाचं देऊळ, आत गर्दी नसते. दाराच्या बाहेर भिंतीवर एक शिल्प शोधायला लावा : साखळदंडाने गेंड्याला जखडणारा गोरा शिपाई. बंगाल घशात घालणाऱ्या इंग्रजांवरची ही टिप्पणी मानतात. देवळाचं बांधकाम १७५४ मध्ये सुरू झालं आणि प्लासीची लढाई १७५७ ची, म्हणजे पुण्यातला पाथरवट ताजी बातमीच दगडात कोरत होता. गर्भगृहावर संस्कृत आणि फारसी असे दोन्ही शिलालेख आहेत. सासरे त्यांच्यापाशी रेंगाळणार, तेव्हा सासूबाईंना ओट्यावर टेकू द्या. खालचं तळघर एरवी बंद असतं, गुरुपौर्णिमेला उघडतात.

पर्वती, सिंहगड आणि रविवारची दुपार, हे तिन्ही सध्या नको. पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या आहेत आणि गुडघ्याला त्रास चढतानापेक्षा उतरताना जास्त होतो.

पहिला बेत लांबचा आखू नका. या आठवड्यात सासऱ्यांना मोरे प्रेक्षागृहाच्या खिडकीवर पाठवून रविवारी संध्याकाळचं काय लागलंय ते बघायला सांगा, आणि दोनच तिकिटं काढा, त्यांचं आणि सासूबाईंचं. तुम्ही तिघं त्यांना दारात सोडा आणि अडीच तासांनी घ्यायला जा.